14 मॅचमध्ये संपणारं वर्ष

एप्रिलमधली ती मॅच अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. पोस्ट लांबलीय, तेवढी सवडीने वाचा.

18 एप्रिल 2025. जोतिबाची यात्रा आठवड्यापूर्वीच झालेली, कपड्यांच्या घड्यांत अजून गुलाल निघत होता, आणि मी आणि माझी 13 वर्षांची भाची मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून इंडियन विमेन्स लीग, म्हणजे मुलींची फुटबॉलची नॅशनल लीग, बघत बसलेलो. ईस्ट बंगाल विरुद्ध ओडिशा, मैदान कल्याणीचं (बंगालमधलं कल्याणी, आपलं कल्याण नव्हे). जिंकले की लीग ईस्ट बंगालची. गोल काही होईना, भाचीने नखं खाऊन संपवली, आणि सेकंड हाफमध्ये संगीता बासफोरने मारला. 1-0, लीग खिशात. संगीता मूळची त्याच कल्याणीची. आपल्याच गावात, आपल्या माणसांसमोर लीग जिंकून देणारा गोल! पेठेत वाढलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

ईस्ट बंगाल म्हणजे कोलकात्याचा 1920 चा क्लब, पुरुषांच्या टीमने नॅशनल लीग शेवटची जिंकली 2003-04 ला, म्हणजे 21 वर्षं लोक वाट बघत होते आणि लीग घरी आणली ती पोरींनी. आणि हीच टीम आदल्या सीझनला टेबलमध्ये तळाकडे होती. मग गोकुलम केरळाला दोनदा लीग जिंकून दिलेले अँथनी अँड्र्यूज कोच म्हणून आले, चांगल्या प्लेयर आल्या आणि एका वर्षात चित्र पालटलं. मला यात जादूबिदू काही दिसत नाही, लक्ष दिलं की होतं एवढंच. उलटं उदाहरण पण त्याच सीझनचं, आदल्या वर्षीची चॅम्पियन ओडिशा थेट खालच्या डिव्हिजनला गेली.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. 8 टीम, प्रत्येकीच्या 14 मॅच. जानेवारीत सुरू, एप्रिलमध्ये खलास. देशातली मुलींची सगळ्यात मोठी लीग आहे ही! नॅशनल टीममध्ये असलेल्या पोरींचं ठीक, बाकीच्यांनी उरलेले आठ महिने काय करायचं? फॉर्म काय फ्रीजमध्ये ठेवायची वस्तू आहे का? आणि एवढ्याशा सीझनमधून सुद्धा काय काय निघतंय बघा. 5 जुलैला चियांग माईत थायलंडला त्यांच्याच घरात 2-1 हरवून आपण आशिया कपला गेलो, क्वालिफायर खेळून पहिल्यांदाच, आणि दोन्ही गोल परत संगीताचेच. नोव्हेंबरमध्ये ईस्ट बंगालने चीनमधल्या वुहानला आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या बाम खातूनला 3-1 हरवलं. 14 मॅचवर हे होत असेल तर 28 वर काय होईल?

आणि त्या 8 टीममध्ये महाराष्ट्राची एकही नव्हती. एकही नाही. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील-दिलबहार या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमवर उभं राहायला जागा मिळत नाही, घराघरात फुटबॉलवरून भांडणं होतात, आणि याच गावाची एफसी कोल्हापूर सिटी 2018-19 आणि 2019-20 ला विमेन्स लीग खेळलेली आहे हे किती जणांना आठवतंय? तेव्हा ज्या लहान पोरींनी त्यांना बघितलं त्या आज खेळायच्या वयात आल्यात आणि त्यांना वर जायला शिडीच नाही. गोव्याची सेसा अकादमी खालच्या डिव्हिजनमधून खेळत खेळत वर आली, मनापासून आनंद झाला, पण पोटात कालवलं पण.

भाचीसाठी मागच्या वर्षी एका ठिकाणी चौकशी केली तर म्हणाले मुलींची बॅच भरली की कळवतो. अजून कळवतायत. शेवटी ती पोरांच्यात खेळायला लागली. तिच्या मापाचे स्टड (फुटबॉलचे बूट) दुकानात मिळाले नाहीत म्हणून एक नंबर मोठा घेतला आणि पुढे कापूस कोंबला, तो कापूस दर मॅचनंतर बाहेर काढून वाळत घालते, दोरीवर चिमटा लावून, आणि त्यावरून आईशी वाद घालते. डाव्या पायाने मारते, पोरं तिला आता आधी टीममध्ये मागतात.

तालमींना आणि मंडळांना हात जोडून विनंती आहे, एकेका तालमीने मुलींची एक टीम काढा. 11 पोरी प्रत्येक पेठेत नक्की आहेत, मी मोजल्यात, आमच्याच गल्लीत चार आहेत. जर्सी तीच द्या, रंग तोच द्या, मग बघा स्टेडियमला गर्दी होते की नाही.

रविवारी सकाळी सातला भाचीची मॅच आहे. गावातले असाल आणि यायचं असेल तर मेसेज करा, मैदान कुठलं ते सांगतो.