बोट दाखवा

"तुमचं मतदान झालंय," असं मला बुधवारी सकाळी पावणेआठ वाजता, शाळेच्या चौथी ‘ब’च्या वर्गात, रांगेतल्या तीस-चाळीस माणसांदेखत सांगण्यात आलं.

झालं नव्हतं. बोट निळं होतं, एवढंच.

कारण आमची मॉली, म्हणजे घरच्या टाकीतली मासोळी. दिवाळी संपली, नाशिकला गारठा पडला, टाकीतलं पाणी गार झालं आणि नेमके तेव्हाच मी दुकानातून दोन नवे मासे आणून थेट टाकीत सोडले. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. मला माहीत होतं. व्यायाम करायचा असतो हेही मला माहीत आहे. चौथ्या दिवशी काळ्याकुळकुळीत मॉलीवर कुणीतरी रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि ती दगडाला अंग घासायला लागली. हा किड्याने होणारा आजार, याला मासेवाले ‘इक’ म्हणतात. मग टाकीला मीठ आणि हीटर, आणि सगळ्यात जास्त ठिपकेवालीला वेगळी बादली, त्यात मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध. मतदानाच्या आदल्या रात्री त्या बाटलीचं झाकण निघेना, निघालं ते एकदम निघालं. डाव्या हाताची तर्जनी मुळापर्यंत निळी. दुसरं कुठलंही बोट चाललं असतं हो. साबण झाला, लिंबू झालं, भांड्यांची पावडर झाली, बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर झालं (त्यावर वेगळं बोलणं झालं). बोट सोलवटलं, निळं ते निळंच.

रात्री दोनला झोप येईना म्हणून वाचत बसलो. या किड्याला शास्त्रीय नाव मिळालं १८७६ साली. ‘इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिइस’, म्हणजे साधारण ‘लेकुरवाळी माशांची ऊ’. ऊ वगैरे काही नाही, एकपेशीय जीव आहे, पण लेकुरवाळा मात्र खरा. आणि त्याच १८७६ साली जर्मनीत हाइनरिक कारो नावाच्या रसायनज्ञाने मिथिलीन ब्लू तयार केलं, ते कापड रंगवायला. औषध म्हणून त्याचा उपयोग लोकांना नंतर सुचला. माझ्या बोटाने मूळ उद्देश मनावर घेतला होता.

तर मतदान केंद्र. पहिल्या टेबलावर नाव पुकारलं गेलं. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ शाईची काडी उचलून म्हणाले, "बोट दाखवा." मी दाखवलं. त्यांनी काडी परत बाटलीत ठेवली.

"हे काय?"

"औषध आहे."

"कसलं?"

"माशाचं."

"माशी चावली?"

"माशी नाही, मासा. आमच्या माशाला झालंय."

मागून एका काकूंचा आवाज आला, "श्रावण पाळत नाहीत ना, मग होतं असं." नोव्हेंबर महिना चालू होता.

मोबाइल आत न्यायला बंदी, त्यामुळे मॉलीचा फोटो दाखवायचीही सोय नाही. आणि तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले एक पोलिंग एजंट, हाफ स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर मतदार यादी आणि तिच्यावर चिवड्याची पुडी, ताडकन उठले. मला वाटलं आता आक्षेप घेणार. माणसाचा चेहराच आक्षेपासारखा होता.

"मासा कुठला?" त्यांनी विचारलं.

"ब्लॅक मॉली."

"ठिपके अंगावर की फक्त शेपटीवर?"

"दोन्हीकडे."

"मीठ टाकलंत?"

"लिटरला दोन ग्रॅम. खडे मीठ."

"कमी आहे. मी मूठभर टाकतो."

"टाकी केवढी आहे तुमची?"

"ते मोजलं नाही. पण मूठ मोठी आहे." त्यांनी मूठ वळून दाखवली. खरंच मोठी होती. "मॉली मीठ सोसते हो, घाबरू नका. सकर मासा आहे का? त्याला जपा, तो नाही सोसत. हीटर किती वर?"

"तीस."

"मग एअर पंप वाढवा. कोमट पाण्यात हवा कमी."

दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "अहो साहेब, रांग आहे." एजंट काकांनी त्यांना हातानेच थांबवलं, जणू केंद्र त्यांच्या नावावर होतं. विरुद्ध पक्षाचा पोरगेला एजंटही मान पुढे काढून ऐकू लागला. काकूंनी कडुलिंबाचा पाला सुचवला. रांगेतून कुणीतरी हळद म्हणालं. मी मात्र अजून मत न दिलेला संशयित होतो, बोट हवेत धरून उभा.

आवाज ऐकून केंद्राध्यक्ष बाई आल्या. शिक्षिका असाव्यात, कारण मी बोट आपोआप खाली घेतलं. म्हणाल्या, "नीट, पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. अंगावर दिसतो तो ठिपका म्हणजे कातडीखाली चरत बसलेला किडा, तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ते सुटे पोहू लागले की औषध लागू पडतं, तेव्हाच. "म्हणून ठिपके दिसेनासे झाले की गेले असं समजायचं नसतं. ते तळाशी जाऊन पुढची तयारी करत असतात."

दोन्ही एजंटांनी एकमेकांकडे पाहिलं. तो टोला आपल्याला आहे की समोरच्याला, हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

"मला पिल्लांचं सांगू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी कापसाचा बोळा ओला करून माझं बोट खसाखसा घासलं. बोळा फिकट निळा झाला. रात्रभर रिमूव्हरला न बधलेला रंग बाईंना मात्र सुटला! "आपली शाई अशी निघत नाही," त्यांनी निकाल दिला. आणि मग सहज यादी ओढून पाहिली. माझ्या नावापुढे खूण नव्हती. वहीत माझी सही नव्हती.

हेच आधी पाहिलं असतं तर? वीस मिनिटं! माणसाचं बोट खरं आणि स्वतःच्याच वहीतली कोरी ओळ खोटी? आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं लोकसभेला उलटं झालं होतं. बोट कोरं, आजी समोर उभ्या, पण यादीत नाव नाही, म्हणून परत. म्हणजे कागद कधी मानायचा आणि बोट कधी, हे आपल्याला सोयीचं नसेल त्याप्रमाणे ठरत असावं.

निळ्या बोटावर जांभळी शाई लागली. तिसऱ्या टेबलावर ती दिसेना. परत दुसऱ्या टेबलावर. यावेळी मधल्या बोटाला. आता माझी दोन बोटं रंगलेली आहेत आणि आमचा वॉचमन रोज विचारतो, "साहेब, दुसरं कुणाला दिलं?"

हे सगळं मी विसरलो असतो. पण मी दारातून बाहेर पडत असताना एजंट काका अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असे ओरडले, "बादलीत फिल्टर लावलाय ना? त्यातला कोळसा काढलात का? कोळसा सगळं औषध पिऊन टाकतो!"

सकाळी बादलीतलं पाणी स्वच्छ निवळलेलं होतं. मी बायकोला बोलावून दाखवलं होतं, बघ, औषधाचा गुण. मी मागे न बघता चालत राहिलो. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी फिल्टर उघडला. कोळशाची पिशवी जागेवर होती.

शनिवारी निकाल लागला. मी चष्मा लावून बादलीपाशी ठिपके मोजत होतो, सात भरले, आणि रस्त्यावर ढोल वाजायला लागले. गॅलरीत आलो तर मिरवणुकीच्या कडेने, कपाळापासून मफलरपर्यंत गुलाल, एजंट काका. त्यांनी मला बरोबर हेरलं. ढोलाच्या वर आवाज काढून ओरडले, "कोळसा काढलात का?"

"नव्हताच पहिल्यापासून," मी ओरडून सांगितलं.