पाण्याची नाइंटी

दारूच्या थेंबाला मी आजवर शिवलेलो नाही. पण गेल्या रविवारी, लेकीच्या वाढदिवशी, आईच्या आणि बायकोच्या डोळ्यांदेखत मी सात नाइंट्यांची ने-आण केली. सगळ्या पाण्याच्या.

पुण्यातल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर ते बर्गरचं दुकान आहे. नाव सांगत नाही, कारण पुढच्या वाढदिवसालाही तिथेच जायचंय, असं लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय. तिथे माणसाशी बोलून ऑर्डर देणं मागासलेपणाचं समजतात. दाराशीच एक पुरुषभर उंचीचा स्क्रीन असतो, त्यावर बोटं मारत बसायचं. त्यात बर्गर सापडतात, बर्गरात जास्तीचं चीज घालायची सोय सापडते, चीज काढून टाकायचीही सापडते (पैसे मात्र कमी होत नाहीत). पाणी कुठेय म्हणून शोधलं, तर अगदी शेवटच्या पानावर घामेजलेल्या बाटलीचा फोटो. साठ रुपये.

खाली रस्त्यावर लिटरभर पाणी याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळतं, हे माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण बायको लगेच म्हणाली, "आज नको हं." ती वकिलाची मुलगी आहे. छापील किमतीपेक्षा जास्त दराने बाटली विकायला हॉटेलवाल्यांना मोकळीक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच सांगून टाकलंय, हे तिला पाठ आहे. हॉटेलात माणूस नुसती बाटली घेत नाही, तिथली सेवा घेतो, तिथलं वातावरण घेतो. ठीक आहे. हा वातावरणाचा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

मी काउंटरवर गेलो.

"साधं पाणी मिळेल?"

"बॉटल ना सर?"

"नाही. साधं."

"चिल्ड नको? रेग्युलर देऊ?"

"द्या."

त्याने साधी बाटली पुढे केली.

"अहो, बाटलीच नको. पाणी हवंय. तुम्ही पिता ना, ते."

मी त्याच्या डब्यातली पोळी मागितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान मागे वळवून, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "एक फ्री वॉटर!" रांगेतले दोघं-तिघं मोबाइलमधून डोकं वर काढून कोण आहे ते बघू लागले. नऊशे चाळीस रुपयांचं बिल माझ्या खिशात होतं. ते छातीला चिकटवून यायला हवं होतं, असं वाटून गेलं.

पाणी आलं ते कागदी कपात. कप म्हणजे ऑफिसात मशीनच्या चहाला असतो तो. मी तो पुरावा म्हणून घरी आणून खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजला आहे : काठोकाठ भरला तर 90 मिली. काठोकाठ कोणी भरत नाही, हे वेगळं. तोंडाशी जोड आलेला, आणि तिथून ओठाला पाण्याआधी पुठ्ठ्याची चव लागते.

"आम्ही चौघं आहोत," मी म्हणालो.

"एका बिलावर एकच कप देतो सर. पिऊन या ना, परत भरून देतो."

बघा, नाही म्हणाला नाही. या लोकांची खरी करामत इथे आहे. पाणी देत नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. देतात. पुन्हा मागायची इच्छा राहू नये, अशा बेताने देतात.

तो कप मी दोन्ही हातांनी तीर्थासारखा टेबलापर्यंत आणला आणि आईपुढे ठेवला. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, इतक्यात कप संपला. "पळी-पंचपात्र घेऊन यायचं होतं रे," आई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला रांग वाढली होती. पुढे घुसून "मला फक्त पाणी हवंय" म्हणालो, तर एक काका म्हणाले, "आम्हालाही फक्त बर्गरच हवाय." तिसऱ्या खेपेला शहाण्यासारखा रांगेत उभा राहिलो. टेबलावरच्या बटाट्याच्या काड्यांवर लेक तोवर मसाल्याची तिखट-मीठ पुडी रिकामी करून बसली होती. म्हणजे तहान लावायची व्यवस्था फुकट, हवी तितकी, मागायचीही गरज नाही. भागवायची व्यवस्था मात्र रांगेतून, आणि 90 मिलीच्या मापाने. लिटरभर पाण्याला निदान बारा खेपा होतात. मी सात केल्या.

माझ्या लहानपणी उडप्याच्या हॉटेलात बूड टेकायच्या आत पोऱ्या पाणी आणून आदळायचा. चार पेले एका हातात, चारही बोटं चारही पेल्यांत बुडालेली. ते बघून आई पदराने पेल्याची कड पुसायची, जणू बोटं कडेलाच लागली होती! पण पाणी मागावं लागलं, असं कधी झालं नाही. मध्यंतरी पाणीटंचाईत पुण्यातल्या हॉटेलवाल्यांनी अर्धाच ग्लास भरून द्यायला सुरुवात केली होती, तेव्हाही तो अर्धा ग्लास न मागता यायचा. त्यात कंजुषी नव्हती, खडकवासल्याची काळजी होती. आणि तो अर्धा ग्लाससुद्धा या कपापेक्षा मोठा होता.

चौथ्या खेपेला मी कायद्यावर आलो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका दर उन्हाळ्यात न चुकता पाठवतात, की 1867 च्या सराई कायद्यानुसार कोणत्याही हॉटेलात कुणालाही पाणी फुकट मिळालंच पाहिजे. ते मी काउंटरवरच्या पोराला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मॅनेजर जेवायला गेलेत." पुढे घरी येऊन मी तो कायदा उघडून पाहिला. सराईच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, मालकाने नोंदणी करावी, खोल्या-पडव्या झाडून घ्याव्यात, माणसं आणि जनावरं ज्या विहिरींचं पाणी पितात त्या साफ ठेवाव्यात, असं काय काय त्यात आहे. बर्गरचा उल्लेख आढळला नाही. बरं झालं मॅनेजर जेवायला गेले होते.

इकडे आईने स्वतःपुरता प्रश्न सोडवला. पिशवीतून आपली स्टीलची बाटली काढली. तळाशी दोन घोट उरले होते. झाकण उघडतेय तोच टेबलं पुसणारी पोरगी धावत आली. "आजी, बाहेरचं पाणी अलाउड नाही."

"बाहेरचं नाही गं बाळा," आई म्हणाली, "घरचं आहे."

पोरगी दोन क्षण विचारात पडली. तेवढ्यात आईने ते दोन घोट पिऊन टाकले.

युक्ती काढली ती लेकीने. तिच्या कोल्ड्रिंकचा ग्लास तोंडापर्यंत बर्फाने भरलेला. "बाबा, एक्स्ट्रा आइसचे पैसे घेत नाहीत." मी आठव्यांदा काउंटरवर गेलो.

"एक ग्लास नुसता बर्फ मिळेल?"

"शुअर सर!" पोरगा पहिल्यांदाच हसला. सगळ्यात मोठा ग्लास, काठोकाठ, वर झाकण, झाकणात स्ट्रॉ. ना बिल विचारलं, ना ओरडला. पाणी गोठलेलं असेल तर त्याची काहीच हरकत नव्हती!

ग्लास टेबलाच्या मध्यावर ठेवून आम्ही चौघं वितळायची वाट बघत बसलो. दहा मिनिटं झाली. स्ट्रॉने ओढलं तर खरखर आवाज आला. वीस मिनिटं झाली. आई शालीत गुरफटून बसलेली, लेकीने माझं जाकीट ओढून घेतलेलं. डोक्यावर एसी इतका भन्नाट चालू, की बर्फाला वितळावंसं वाटायचं काही कारणच नव्हतं. साठ रुपयांत धरलेलं वातावरण म्हणतात ते हेच. बायकोने दोन्ही तळहातांनी ग्लास कवटाळून ऊब द्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "माझी बोटं बधिर झाली, आता तू धर."

पाऊण तासाने तळाशी तीन बोटं पाणी दिसू लागलं. निदान चौघांना घोट-घोट होईल, इतकं. आई "पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर गेली, लेक वाढदिवसाचा कागदी मुकुट शोधायला टेबलाखाली वाकली, म्हणून मीही वाकलो. वर आलो तर ग्लास नव्हता. ती पोरगी तो कचऱ्याच्या डब्याशेजारच्या भोकात ओतत होती. "झालं होतं ना सर?"

आम्ही निघालो. लिफ्टपाशी आई मॉलच्या झाडूवाल्या मावशींशी गप्पा मारत उभी होती. त्या कुठल्या गावच्या, किती मुलं, सून कशी, सगळं विचारून झालं होतं. आईच्या हातातली स्टीलची बाटली भरलेली होती. मावशींनी कामगारांच्या खोलीतल्या कूलरवरून भरून आणली होती, गळ्यापर्यंत.

"घे," आई माझ्यापुढे बाटली धरत म्हणाली. "बाहेरचं आहे, पण गार आहे."