छेद आवळा, टक्के वाढवा

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात तुमची आरोग्य अधिकारी म्हणून नवीकोरी नेमणूक झाली असेल, आढावा बैठक तोंडावर आली असेल आणि गोवर-रुबेला लसीकरणाची टक्केवारी ऐंशीच्या पुढं सरकायला तयार नसेल, तर आधी एक चहा मागवा. उन्हातान्हात तांडे पालथे घालणं हे नवख्यांचं काम. टोचलेली लेकरं अंशात असतात, टोचायला हवी होती ती छेदात. अंश वाढवायला गाडी लागते, डिझेल लागतं, सिस्टर लागते. छेद कमी करायला फक्त पेन लागतं.

छेद कुठून आणायचा, याबाबत सरकारनं तुम्हाला बरीच मोकळीक दिलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०११ च्या आकड्यांना वाढीचा दर लावून उद्दिष्ट काढता येतं. एखाद्या उपकेंद्राचे त्यामुळं ११८ टक्के आले तर लाजू नका. बैठकीत ‘हे अठरा टक्के कुठून आले?’ असं कोणी विचारत नाही, शाबासकी मिळते. त्या गावाला शेजारच्या ७० टक्केवाल्या गावासोबत बसवा आणि सरासरी काढा. दोघांचीही अब्रू राहते.

पण खरी कला आहे ती घरोघरच्या गणनेची वेळ साधण्यात. आशाताईंना यादी करायला दिवाळीनंतर पाठवा. बीड, धाराशिव, जालन्याकडची निम्मी वस्ती तेव्हा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेली असते. दाराला कुलूप. ओट्यावर बसलेली म्हातारी सांगते, “समदी कारखान्यावर गेलीत माय, आता पाडव्यालाच येतील.” रजिस्टरात लिहा : घर बंद, बालक नाही. तिकडं कोल्हापूर-सांगलीकडं किंवा बेळगावात फडाजवळ खोपी पडलेल्या असतात, पण तिथली यादी तिथल्या गावाची. ही लेकरं ‘बाहेरची’. म्हणजे इथून गेली आणि तिथं पोचलीच नाहीत. दोन्ही जिल्हे शंभर टक्के, आणि नऊ महिन्यांचं पोरगं उसाच्या मोळीच्या सावलीला फडक्यात निजलेलं. हे कोणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली ती २७ नोव्हेंबर २०१८ ला, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्यांसाठी, शाळांपासून सुरुवात करून. त्या तारखेला मराठवाड्यातल्या किती वर्गांमधली किती बाकं रिकामी होती, हे गुरुजींना विचारू नका म्हणजे झालं.

कुपीचंही तसंच. गोवराची लस पावडरीच्या रूपात येते, पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. वस्तीवर एकच लेकरू आलं तर सिस्टर विचारात पडते : दहा डोसची कुपी फोडू का “पुढच्या बुधवारी ये” म्हणू? तिला दोष देऊ नका. फोडली तर “नऊ डोस वाया का?” असं विचारणारे तुम्हीच. आणि न फोडल्यामुळं हुकलेल्या लेकराबद्दल कोणी विचारत नाही, त्याला अहवालात रकानाच नाही.

आता कधी कधी वरून फर्मान येतं, की तुमच्या आकड्यांवर विश्वास नाही, सर्वेक्षण करा. करा की! जुनी पद्धत मला फार आवडते : तीस गावं, प्रत्येक गावात सात लेकरं, एकूण २१०. गावाच्या मधोमध उभं राहून बाटली किंवा पेन फिरवायचं, टोक जाईल त्या दिशेनं घरं घ्यायची. मधोमध म्हणजे मारुतीचं देऊळ, आणि तिथून चार घरं. पेन कितीही गरगर फिरवलं तरी दोन कोसांवरच्या तांड्यापर्यंत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढं नियम कडक केले, घरं आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडा म्हणाले. असो, म्हणतात बिचारे.

घरात गेल्यावर कार्ड मागा, पण हट्ट धरू नका. कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली नवऱ्याकडं, नवरा ट्रॅक्टरवर. मग आईला तोंडी विचारा.

“गोवराची टोचली का?”

“टोचली की. मांडीत. रातभर फणफणलं लेकरू.”

गोवराची सुई उजव्या दंडात देतात; मांडीत देतात ती पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीची. पण तुम्ही खूण करून मोकळे व्हा. दुसरी एखादी “तोंडात पाजली” म्हणाली तर ते पोलिओचे थेंब, तीही खूण करा. आई लसीकरणाच्या बाजूनं बोलतेय, तिला कशाला खोटं पाडायचं?

आणि दुसऱ्या डोसचं कोणी काढलं तर विषय बदला. पहिला नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीसमध्ये. नवव्या महिन्यातल्या एका डोसानं शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी लेकरांनाच संरक्षण मिळतं, हे बैठकीत बोलण्यासारखं नाही. ९५ टक्के हे लक्ष्य का ठेवलंय, हेही बोलू नका. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, आणि राहिलेली पाच टक्के लेकरं जिल्हाभर विखुरलेली नसतात. ती एकाच टोळीत, एकाच ट्रॉलीत, एकाच खोपीत असतात.

हंगामात तिकडं फडावर पुरळ आणि तापाचे रुग्ण निघाले, तर धीर सोडू नका. पत्ता तिथल्या कारखान्याचा आहे, तेव्हा रुग्ण त्यांच्या जिल्ह्यात धरा म्हणावं. तिकडचे साहेब म्हणतील मूळ गाव तुमचं. पत्रव्यवहार सुरू ठेवा, प्रत माहितीस्तव वरिष्ठांना. तोवर पाडवा येतो, टोळी परत येते, आणि तुमची बदलीही बहुतेक झालेली असते.