मल्टिटूल जरूर न्या, पण तो मेसेज विसरा

पाऊस सह्याद्रीत पोचला की मुंबईतल्या ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. खिशात मल्टिटूल, म्हणजे पक्कड, पातं, करवत अशी अवजारं एकात घडी होणारं साधन, असलं की डोंगरात दुसरं काही लागत नाही, साप चावला तर त्याच्या पात्याने चीर देऊन विष काढता येतं, पातं छोटं असल्याने ते कुठेही नेलं तरी कायदेशीर, करवतीने लाकूड तोडून शेकोटी पेटवता येते, आणि स्टेनलेस स्टील म्हणून ते गंजत नाही, असा त्यातला मजकूर. मी स्वतः मल्टिटूल बाळगते, इतरांनाही घ्यायला सांगते. म्हणूनच या मेसेजची जास्त चीड येते.

सापाचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. दंशाबरोबर विष आत उतरतं आणि पसरू लागतं, चीर दिल्याने ते बाहेर येत नाही. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा माणसाच्या पायावर पातं चालवलंत तर वाहणारं रक्त थांबवायला तुमच्याकडे काहीच नसेल. शिवाय नस कापली जाण्याचा आणि जखम चिघळण्याचा धोका आहेच. चोखायचं नाही, वर दोरी आवळून बांधायची नाही. सूज चढते म्हणून अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा. पाय काठीला बांधून स्थिर करा, माणसाला धीर द्या, चालायला न लावता उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करा. उपाय एकच, रुग्णालयात मिळणारं प्रतिसर्पविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं हे औषध आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होत आलं आहे. निदान ही एक ओळ तरी पुसल्याशिवाय मेसेज पुढे पाठवू नका.

आता ‘कुठेही कायदेशीर’. यात अर्धं सत्य आहे. शस्त्र नियमांत परवान्याची अट ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना आहे, आणि मल्टिटूलचं पातं जेमतेम तीन इंचांचं. पण महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा सुरे बाळगण्यावरही बंदी घालता येते, आणि मुंबईत असे आदेश वरचेवर निघतात. मेट्रोच्या बॅग तपासणीत पातं अडवलं जाऊ शकतं. विमानात ते केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकावं लागतं.

ट्रेकरांना सहसा माहीत नसलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा उल्लेख आहे, आणि कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. म्हणजे बोरिवलीचं उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, आपल्या नेहमीच्या कितीतरी वाटा यात येतात. गेटवर कुणी हटकलं तर ‘पातं छोटं आहे’ हे उत्तर पुरत नाही. अशा ठिकाणी जाताना बिनपात्याचं मॉडेल न्यावं, ती बाजारात मिळतात.

शेकोटीचं थोडक्यात सांगते. अभयारण्यात झाड तोडणं हा गुन्हा आहे, आणि पावसात भिजलेलं ओलं लाकूड पेटतही नाही. गंजाचंही तसंच. स्टेनलेस म्हणजे कमी गंजणारं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत सांध्यांपाशी तांबूस डाग धरतातच. ट्रेकहून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, नीट पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला की पुरे.

राहिलं ‘दुसरं काही लागत नाही’. मल्टिटूल बनवणारा टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोपात फिरत होता. गाडी सारखी बिघडायची आणि त्याच्या खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्यातून जे साधन तयार झालं आणि १९८३ पासून विकलं जाऊ लागलं, ते दुरुस्तीचं होतं. आजही त्याची खरी किंमत पकडीत आहे. तंबूची चेन दात न जुळवता नुसतीच सरकू लागली, तर स्लायडरच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच दाबा, आधी एक बाजू, मग दुसरी. बहुतेक वेळा चेन पुन्हा बसते. जोर मात्र बेताने, स्लायडर तडकला की रात्रभर तंबू उघडा. पावसात बुटाचा तळ सुटला तर केबल टाय, म्हणजे आवळून बांधायची प्लास्टिकची पट्टी, पकडीनेच घट्ट ओढता येतो. करवंदीच्या जाळीतून आल्यावर काटे काढायला चिमटा हवाच.

पण अंधारात वाट चुकल्यावर पक्कड काय करणार? तिथे हेडलॅम्प लागतो, शिट्टी लागते, चार्ज असलेला फोन लागतो. मोठं मल्टिटूल साधारण २४० ग्रॅमचं असतं. कसारा लोकल पकडण्याआधी सॅक हलकी करायची वेळ आली, तर आधी ते बाहेर काढा, पाण्याची बाटली नव्हे.