प्रश्न पकडीचा नव्हताच

'हाताच्या पकडीत पुन्हा जोर आला की कुबित्साचा मार्ग मोकळा' हे रॉबर्ट कुबित्साच्या पुनरागमनावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. (२०११ च्या रॅली अपघातात या फॉर्म्युला वन ड्रायव्हरचा उजवा हात जबर जखमी झाला होता.) फॉर्म्युला वनमध्ये पॉवर स्टीअरिंग असतं आणि स्टीअरिंगचं चाक फिरवण्याचा जोर बराचसा खांद्यातून, दंडातून येतो. खरी अडचण येते ती कोपराखालचा हात स्वतःभोवती फिरण्याची, म्हणजे तळवा वर-खाली करण्याची. ती हालचाल कमी झाली की ड्रायव्हर कोपर बाहेर काढून भरपाई करतो. रॅलीच्या गाडीत त्याला जागा मिळते, म्हणून २०१३ ची डब्ल्यूआरसी-२ ही जागतिक रॅलीची दुय्यम स्पर्धा कुबित्सा जिंकू शकला. सिंगल-सीटरचं, म्हणजे फॉर्म्युला वनसारख्या एका आसनाच्या गाडीचं कॉकपिट इतकं अरुंद, की कोपर सरळ बाजूच्या भिंतीला अडतं. मोनॅकोच्या ट्रॅकवरची हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलट फिरवणारं वळण आठवा: हात चाकावरून न सोडता चाक जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावं लागतं. अशा वेळी डावा हात ओढतो, उजवा नुसता सोबत जातो. चाकामागचं गिअर बदलायचं पॅडल दुसऱ्या बाजूला हलवता येतं, स्टीअरिंग रॅकचं गुणोत्तरही, म्हणजे चाक किती फिरवल्यावर गाडी किती वळते तेही बदलता येतं. पण रॅक जलद केला, म्हणजे कमी फिरवून जास्त वळेल असा केला, की चाक जड होतं, हे विसरू नये.

आणि धोक्याच्या वेळी गाडीतून झटकन बाहेर पडता येतं का, या चाचणीचा लेखात उल्लेखच नाही! २०१७ मध्ये पट्टे सोडून, चाक काढून ५ सेकंदांत गाडीबाहेर यावं लागे. २०१८ मध्ये हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट आल्यावर ती मुदत ७ सेकंद झाली. नंतर चाक परत जागेवर बसवायचं, तेही ठरलेल्या वेळात. हंगेरीतल्या हंगारोरिंग ट्रॅकवर २०१७ मध्ये गाडी चालवण्याच्या चाचणीत कुबित्साने १४२ फेऱ्या मारल्या, त्यामुळे दम टिकेल का हा प्रश्न सुटला. पण गाडीबाहेर पडताना एका हातावर भार देऊन अंग वर उचलणं ही वेगळीच परीक्षा.