प्रिंटच्या बटणाला महिना का लागला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दूध संकलन केंद्राच्या ॲपमध्ये पावती छापायची सोय कशी केली, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्राउझरला प्रिंटची आज्ञा दिली की छपाई होते, त्यात महिना घालवण्यासारखं काही नाही. मराठी मजकुराचं चित्र करून प्रिंटरकडे पाठवणं हा जुगाड आहे, आणि त्याने छपाई संथ होते हे मी लेखात सांगितलंच नाही. शिवाय आजच्या काळात कागद कशाला, व्हॉट्सॲपवर पाठवा.

संथपणाचं तुमचं बरोबर आहे. ते लिहायला हवं होतं, म्हणून आधी तेच घेतो.

पावतीचा छोटा प्रिंटर थर्मल असतो, म्हणजे शाई न वापरता खास कागद तापवून छापणारा. त्याच्या ५८ मिलिमीटरच्या रोलवर प्रत्यक्ष छपाई होते ४८ मिलिमीटरमध्ये. प्रिंटर मिलिमीटरला ८ ठिपके उमटवतो, म्हणजे आडव्या ओळीत ३८४ ठिपके; आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणून ४८ बाइट. दहा सेंटिमीटरच्या पावतीत अशा ८०० ओळी. सगळी पावती चित्र म्हणून पाठवली तर ३८,४०० बाइट होतात. जुन्या सिरीयल केबलवर ९६०० च्या (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने, एका बाइटला दहा बिट लागत असल्याने, सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे एका पावतीला ४० सेकंद. तीच पावती साध्या अक्षरांत पाठवली तर अर्ध्या सेकंदात जाते. सकाळी सहाला किटल्या घेऊन रांग लागलेली असते. तिथे ४० सेकंद कुणी थांबणार नाही, आणि थांबूही नये.

म्हणून आता पावती दोन भागांत जाते. वर शेतकऱ्याचं नाव आणि 'लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम' या मथळ्यांची पट्टी, ती चित्र म्हणून. (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग.) खाली आकड्यांची ओळ, ती प्रिंटरच्याच अक्षरांत. मी वापरतो त्या आज्ञेत चित्र आणि अक्षरं एकाच ओळीत बसत नाहीत, म्हणून मथळे वर आणि आकडे खाली. कोऱ्या जागेसाठी पांढरे ठिपके पाठवत नाही, कागद पुढे सरकवायची आज्ञा देतो. चित्राची पट्टी १६० ओळींची, ७,६८० बाइट. ९६०० वर आठ सेकंद लागतात. प्रिंटर १,१५,२०० वर लावला की एक सेकंदही लागत नाही. आकडे इंग्रजीच ठेवलेत, कारण फॅट मशीनच्या पडद्यावर तेच दिसतात आणि माणूस पडद्याशी पावती ताडून बघतो.

आता 'जुगाड'. हे स्वस्तातले प्रिंटर एप्सनची ईएससी-पॉस ही भाषा बोलतात. त्यात अक्षरांचे ठरावीक तक्ते असतात, आणि मला मिळालेल्या एकाही प्रिंटरच्या तक्त्यात देवनागरी नव्हती. युनिकोड मजकूर तसाच पाठवला तर तिरपागडी चिन्हं उमटतात. बरं, एकेका अक्षराचं चित्र करून शेजारी शेजारी ठेवलं तरी भागत नाही. 'शिंदे' हे नाव घ्या. संगणकात आधी श साठवलेला असतो, मग वेलांटी. कागदावर वेलांटी श च्या आधी यायला हवी. क्रम न बदलता छापलं की ती द ला जाऊन चिकटते. 'कुऱ्हाडे' मधला ऱ्ह तर आणखी अवघड; तिथे ऱ, पाय मोडल्याची खूण आणि ह असे तीन सुटे तुकडे पडतात. हा क्रम आणि ही जोडाक्षरं लावायचं काम हार्फबझसारखी प्रणाली करते. अँड्रॉइडमध्ये ती आतच आहे, म्हणून मी नाव अँड्रॉइडकडून रेखाटून घेतो आणि तयार चित्र प्रिंटरला देतो. पहिल्या फेरीत चित्राच्या करड्या कडांचे ठिपके ठिपके होऊन शिरोरेघ तुटत होती. करडा रंग काढून सरळ काळं-पांढरं केलं आणि थोडा जाड फॉन्ट घेतला, तेव्हा नाव सलग वाचता आलं. नाव इंग्रजीत छापणं सोपं होतं, हे खरं. पण ज्याच्या नावाची पावती आहे त्याला ती वाचता आली नाही, तर ती छापून काय उपयोग?

ब्राउझरची छपाई मी वापरतोच, दहा दिवसांच्या बिलासाठी. तिथे ए-फोर कागद आहे आणि ब्राउझर अक्षरं नीट लावतो. तरी तिथेही बटण टाकून काम संपलं नाही. सभासदाची ओळ मधोमध तुटून अर्धी पुढच्या पानावर जात होती, मथळा फक्त पहिल्या पानावर येत होता, आणि बिलाच्या डोक्यावर वेबपत्ता छापला जात होता. हे सगळं सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांनी, सुटतं, पण त्यासाठी कागद हातात धरून बघावा लागतो.

महिन्यातला सर्वात जास्त वेळ मात्र यात गेला नाही. तो गेला एका चुकीत, आणि ती माझी होती. मधेच रोल संपला तर पावती पुन्हा छापायची सोय मी दिली होती. ती छापताना ॲप दर नव्याने काढत असे. एका केंद्रावर दुपारी दरपत्रक बदललं, आणि सकाळच्या दुधाची दुसरी प्रत वेगळ्या रकमेची निघाली. एकाच दुधाच्या दोन पावत्या दोन हातांत. त्या शेतकऱ्याने केंद्रचालकाला सगळ्यांसमोर जाब विचारला, आणि चालकाची काही चूक नव्हती. त्यानंतर छपाईचा भाग मी पुन्हा लिहिला. आता माप झालं त्या क्षणी लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम सगळं जसंच्या तसं साठवलं जातं आणि प्रत त्यातूनच निघते. दुसऱ्या वेळेपासून वर 'नक्कल प्रत' आणि वेळ येते.

व्हॉट्सॲपचं म्हणाल, तर संदेश आम्हीही पाठवतो. पण किटली घेऊन येते ती पुष्कळदा घरातली बाई किंवा शाळेला निघालेलं पोरगं, आणि फोन असतो तिसऱ्याच्या खिशात. 'आज फॅट कमी कशी लागली?' हे विचारायचं तर त्याच वेळी, दूध समोर असताना विचारता येतं. एकदा दूध टाकीत ओतलं की बोलायला काही उरत नाही. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने, उष्णतेने उडतात हे मान्य, म्हणूनच दहा दिवसांचं बिल साध्या कागदावर देतो. पावती तेवढे दिवस टिकली की ताळा करता येतो.

तुम्ही शेवटी कोड मागितलात. नावाचं चित्र करायचा आणि प्रिंटरकडे पाठवायचा भाग या आठवड्यात टाकतो. दराचं गणित केंद्रांचं आहे, ते त्यांना विचारल्याशिवाय देता येणार नाही. ८० मिलिमीटरच्या प्रिंटरवर चालवणार असाल तर रुंदी ३८४ ऐवजी ५७६ करा, नाहीतर पावती डाव्या कडेलाच छापली जाईल.