"शाळा सोडा, डायरेक्ट स्किल शिका" हा मेसेज फिरवणाऱ्यांसाठी

आठ दिवसांपासून गावच्या तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, की "वाचून-लिहून कोणाचं पोट भरलं? पोट्ट्यांना डायरेक्ट वायरिंग, शिवण शिकवा, तीन महिन्यात कमाई चालू. गांधीजी पण हेच सांगून गेले." अर्धं पटते म्हणूनच लिहून राहिलो, पुरं खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

आधी गांधीजी. सेवाग्राम आपल्याच विदर्भात, तरी असं लिहायचं म्हणजे कमालच आहे बाप्पा. १९३७ ला वर्ध्यात परिषद झाली, मग झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला, त्यात मातृभाषेतून ७ वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण आहे, आणि गणित-भाषा हाताच्या कामातूनच शिकवायची आहे. कापूस किती घेतला, सूत किती निघालं, हा हिशोब पोराला लिहिता आला पाहिजे. शाळा सोडा कुठं म्हटलं त्यांनी?

दुसरं, "स्किलला शिक्षण काहून लागते". फवारणीच घ्या ना, तिला तर कोणी स्किलही म्हणत नाही. डब्यावर १० लिटर पाण्याला २५ मिली लिहिलं आहे आन् पंप १५ लिटरचा, तर किती टाकायचं? साडेसदतीस. बहुतेक जण झाकणानं अंदाज घेतात, आणि दोन-तीन औषधं एकत्र केली की तोही अंदाज गेला. लेबलवरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, हे किती जणांना माहीत आहे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. नुसतं वाचता न आल्यानं गेली असं नाही म्हणत मी, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, अंगात संरक्षक किट नाही, सगळंच होतं. पण लेबल वाचणं हाही कामाचाच भाग आहे ना.

वायरिंगचंही तेच, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तर ५ एचपीची मोटर म्हणजे ५ गुणिले ७४६ वॅट, हा गुणाकार ज्याला येत नाही तो केबल अंदाजानं टाकते आन् मग ती तापते.

आणि गावाकडच्या पोरांना वाचता-गणित किती येते याची पाहणी करणारा २०२३ चा 'असर' अहवाल पाहा, १४ ते १८ वयाच्या गावाकडच्या पोरांत साधारण चौथ्या हिश्श्याला दुसरीचा उतारा सरळ वाचता आला नाही, भागाकार तर ४३ टक्क्यांनाच जमला. यांनाच तुम्ही "डायरेक्ट" शिकवणार?

तीन महिन्यांचं काय बोलू. आयटीआयत इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, वर २ वर्षं.

आता पटलेलं अर्धं. दहावीपर्यंत पोट्ट्याच्या हाती साधा पाना येत नाही, तो कंटाळते आन् शाळा सोडते, हे खरंच आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, त्यांचा कार्यक्रम आठवी ते दहावीच्या शाळांत चालते, वर्कशॉप, शेती-पशुपालन, वीज, स्वयंपाक-आरोग्य, सगळं शाळेतच. आमच्या शाळेमागची एक खोली कितीक वर्षांपासून बंद पडून आहे, तिथं असंच वर्कशॉप करायचा विषय येत्या ग्रामसभेत मी मांडतो, मेसेज फिरवणाऱ्यांनी हात वर करायला या.